पडदे ओढलेलं सभागृह

एखाद्या व्यावसायिक अधिवेशनाचं माहितीपत्रक हातात आलं की पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत असतं, मग विषयांची आणि वक्त्यांची यादी, आणि अगदी शेवटच्या पानावर ‘यजमान प्रदेशाविषयी थोडंसं’. त्या शेवटच्या पानाची भाषा आता तोंडपाठ झाली आहे. ‘यजमान प्रदेशाचं ऐतिहासिक आणि निसर्गरम्य आकर्षण’, वैभवशाली इतिहास, निसर्गाने मुक्तहस्ते केलेली उधळण, डोळ्यांचं पारणं फेडणारा सूर्यास्त. एक किल्ला, एक धबधबा, एक जुनी वास्तू असे तीन फोटो. गावाचं नाव खोडून दुसरं घातलं तरी मजकूर तसाच चालेल.

मी पाणीपुरवठ्याच्या कामातला अभियंता आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या व्यवसायाचं तीन दिवसांचं अधिवेशन एका डोंगराच्या पायथ्याशी भरलं होतं. विषय होता पाण्याची साठवण. व्यासपीठामागच्या भल्यामोठ्या फलकावर डोंगरावरच्या किल्ल्याचा फोटो होता, इतका मोठा की तटबंदीचा दगडन् दगड मोजता यावा. खराखुरा किल्ला सभागृहाच्या खिडक्यांतून दिसला असता, पण पडद्यावरच्या स्लाइड नीट दिसाव्यात म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते. दुसऱ्या दिवशी एका वक्त्याने साठवण टाक्यांमध्ये गाळ कसा बसतो आणि तो काढायला किती खर्च येतो यावर पाऊण तास सांगितलं. मांडणी चांगली होती, आकडे चोख होते.

मधल्या सुट्टीत मी आणि एक सहकारी डोंगर चढून गेलो. अर्ध्या तासाचीही वाट नव्हती. वर कातळात खोदलेली तीन टाकी होती, एकाखाली एक, उतारावर. पहिलं लहान आणि उथळ. त्याच्या काठाला हातभर रुंदीची एक खाच होती. पावसाचं गढूळ पाणी आधी या लहान टाक्यात उतरायचं, तिथे गाळ तळाला बसायचा, आणि वरचं निवळलेलं पाणी खाचेतून दुसऱ्या टाक्यात. तिथून तसंच तिसऱ्यात. तिसऱ्या टाक्यात वाकून पाहिलं तर तळ दिसत होता. तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं, की साफ करायचं ते फक्त पहिलं टाकं, वर्षातून एकदा, दोन माणसं, एक दिवस. खाली सभागृहात ज्या प्रश्नावर आम्ही पाऊण तास डोकं खाजवत होतो, त्याचं कित्येक शतकांपूर्वीचं उत्तर वर उन्हात उघडं पडलेलं होतं. अधिवेशनाला आलेल्या तीन-चारशे अभियंत्यांपैकी ते किती जणांनी पाहिलं? माझ्या माहितीत आम्ही दोघं.

त्या दिवसापासून माझं मत ठाम झालं आहे. ज्या प्रदेशात अधिवेशन भरतं त्याचा इतिहास आणि भूगोल कामकाजात आला पाहिजे. शेवटच्या पानावर नाही, संध्याकाळच्या सहलीत नाही, कामकाजात. आणि तो येणार नसेल तर तिथे जायचंच कशाला? शोधनिबंध घरबसल्या ऐकता येतात. २०२०नंतर जगातल्या जवळपास प्रत्येक व्यवसायाने ते करून पाहिलं आहे. एवढ्या लोकांनी एवढा प्रवास करून एका ठिकाणी जमण्याला आता दोनच कारणं उरतात. एक, माणसांची प्रत्यक्ष भेट. दुसरं, ते ठिकाण. यातलं दुसरं कारण आपण पडद्याआड ठेवतो.

ठिकाणामुळे व्यवसायाचा विचार खरोखर बदलतो का, की हे माझं स्वप्नरंजन? एका व्यवसायाने याचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षं कृतीतून दिलं आहे. जुन्या वास्तूंचं जतन करणारे वास्तुतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ. त्यांच्या मूलभूत दस्तऐवजांची नावंच पाहा: अथेन्स, व्हेनिस, बर्रा, नारा. ही त्यांच्या बैठकांच्या गावांची नावं आहेत, आणि त्या क्षेत्रात काम करणारा माणूस ती एखाद्या कायद्याच्या कलमासारखी उच्चारतो.

१९३१च्या ऑक्टोबरात अथेन्सला ऐतिहासिक स्मारकांच्या वास्तुतज्ज्ञांची आणि तंत्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या वेळी अथेन्समधल्या प्राचीन मंदिरांच्या डोंगरावर, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसवर निकोलाओस बालानोस या अभियंत्याच्या देखरेखीखाली डागडुजीचं काम अनेक वर्षं चालू होतं. परिषदेतली मंडळी वर गेली, पडलेले खांब पुन्हा उभे करण्याचं काम त्यांनी जागेवर पाहिलं, दगड एकमेकांना जोडायला कोणता धातू वापरावा इथपर्यंत चर्चा केली, आणि तिथल्या पार्थेनॉन मंदिराची उत्तरेकडची स्तंभरांग उभी करण्याला पाठिंबा दिला. पोलादी सळयांच्या काँक्रीटसारखी नवी साधनं विचारपूर्वक वापरायला हरकत नाही, असंही परिषदेने मंजूर केलेल्या सनदेत आलं. व्यवसायाचे नियम त्याच डोंगरावर, त्याच दगडांसमोर तपासले गेले, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण त्याच डोंगराने पुढे आणखी एक धडा दिला. बालानोस यांनी दगड जोडायला वापरलेल्या लोखंडी पट्ट्या गंजल्या. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलं की दगड फोडतं. प्राचीन कारागिरांनीही लोखंडच वापरलं होतं, पण ते शिशात मढवून, म्हणजे हवा-पाणी लागू नये अशा बेताने. ही गोष्ट विसाव्या शतकात पुरेशी पाळली गेली नाही आणि तिथल्या संगमरवराला तडे गेले. १९७५मध्ये अ‍ॅक्रोपोलिसच्या जतनासाठी खास समिती नेमली गेली. त्यानंतरच्या कामात गंजलेलं लोखंड काढून त्याजागी टायटॅनियम घालण्यात आलं. म्हणजे १९३१ची मंडळी जागेवर गेली हे बरोबरच होतं, पण एकदा जाऊन पुरत नाही. प्रदेश पाहुण्यांना पहिल्या भेटीत सगळं सांगत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

१९६४च्या मे महिन्यात त्याच परिषदेचं दुसरं अधिवेशन व्हेनिसला भरलं. तिथली सनद आजही जतनाच्या कामाचा पाया मानली जाते, आणि तिथल्या ठरावातून पुढच्याच वर्षी स्मारकं आणि स्थळं यांच्यासाठीची आंतरराष्ट्रीय परिषद, म्हणजे ‘इकोमॉस’, वॉर्सामध्ये स्थापन झाली. युद्धात जमीनदोस्त झालेली जुनी वसाहत ज्या शहराने वीटवीट रचून पुन्हा उभी केली, त्या शहरात. याहून अर्थपूर्ण जन्मस्थळ अशा संस्थेला मिळालं नसतं.

व्हेनिसची सनद दगडाची सनद आहे, हे मात्र तेव्हा फारसं कुणाच्या लक्षात आलं नसावं. मूळ साहित्य जपा, मूळ दगड हाच पुरावा, नवीन घातलेलं वेगळं ओळखू यायला हवं. दगडी आणि विटांच्या इमारतींबाबत हे सगळं रास्त आहे. पण लाकडाचं काय? लाकूड कुजतं. जपानातल्या नारा शहराजवळ होर्यु-जी हे बौद्ध मंदिर-संकुल आहे. तिथल्या काही इमारती जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी आहेत. त्या टिकल्या, कारण पिढ्यान् पिढ्या सुतार त्या गरजेप्रमाणे उकलत आले, कुजलेला भाग तेवढा काढून नवा जोडत आले, आणि पुन्हा उभ्या करत आले. दगडाच्या मापाने मोजलं तर ही इमारत ‘अस्सल’ म्हणावी की नाही असा प्रश्न पडतो. १९९४च्या नोव्हेंबरात २८ देशांतले ४५ तज्ज्ञ नारा इथे याच प्रश्नासाठी जमले. तिथे तयार झालेल्या दस्तऐवजाने मान्य केलं, की अस्सलपणा ठरवण्याचं जगभर लागू पडेल असं एकच माप नसतं. ज्या संस्कृतीत ती वास्तू उभी आहे तिच्या संदर्भातच तो ठरवावा लागतो. या परिषदेची पूर्वतयारीची बैठक त्याच वर्षी नॉर्वेत बर्गनला झाली होती. बर्गनचा जुना बंदरकाठही लाकडी घरांचाच. लाकडाचा प्रश्न आधी एका लाकडी गावात मांडला गेला आणि मग दुसऱ्या लाकडी प्रदेशात सुटला.

हीच चर्चा व्हेनिसच्या एखाद्या संगमरवरी दालनात झाली असती तर? मला वाटतं, लाकडाची बाजू घेणाऱ्यांना अपवाद मागावा लागला असता. नारामध्ये ती बाजू समोर उभी होती, हजाराहून अधिक वर्षांची, आणि सिद्ध करून दाखवायची जबाबदारी दगडवाल्यांवर आली. चर्चेचं पारडं कुठल्या बाजूला झुकतं ते कुणाच्या अंगणात बसून बोलतो यावर अवलंबून असतं, हे वाटाघाटी करणाऱ्या कुणालाही विचारा.

बर्राची गोष्ट मला यांतली सर्वांत जवळची वाटते, कारण बर्रा देखणं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ते तांब्याच्या खाणीचं गाव. १८४५मध्ये खाण सुरू झाली, १८७७मध्ये बंद पडली. खाणकामगारांतली कितीतरी कुटुंबं तिथल्या ओढ्याच्या काठात खोदलेल्या बिळांसारख्या घरांत राहत होती. कळस नाही, कमान नाही, राजा नाही. १९७९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जतनतज्ज्ञांनी तिथे जमून आपली सनद मंजूर केली आणि तिच्यात ‘स्मारक’ या शब्दाऐवजी ‘स्थळ’ हा शब्द मध्यभागी आणला. स्थळ म्हणजे इमारत असेल, खाणीचा खड्डा असेल, एखादं मोकळं माळरानही असेल. त्याचं महत्त्व तिथल्या माणसांसाठी काय आहे ते आधी शोधा, मगच हात लावा, आणि लावाल तो गरजेपुरताच. जिथे स्मारक म्हणण्याजोगं काही नव्हतं तिथेच स्मारकाची व्याख्या रुंदावली.

म्हणूनच ‘यजमान प्रदेशाचं ऐतिहासिक आणि निसर्गरम्य आकर्षण’ या शब्दप्रयोगातला ‘आकर्षण’ हा शब्द मला खटकतो. आकर्षण म्हटलं की वैभव, विजय आणि सूर्यास्त एवढंच उरतं. प्रदेशाचा इतिहास तेवढाच असतो का? जपानातल्या मिनामाताच्या उपसागरात एका रासायनिक कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पारायुक्त सांडपाणी सोडलं. मासे खाणारी माणसं त्या विषाने लुळी पडली, मेली, आईच्या पोटातली बाळंसुद्धा त्यातून सुटली नाहीत. रोगाची अधिकृत नोंद १९५६मध्ये झाली, सांडपाणी थांबायला आणखी १२ वर्षं लागली. पाऱ्यावर नियंत्रण आणणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३च्या ऑक्टोबरात मंजूर करायचा ठरला तेव्हा परिषद त्याच प्रांतात, कुमामोतोत भरली आणि उद्घाटनाचा कार्यक्रम खुद्द मिनामातात झाला. कराराला नावही मिनामाताचंच. ती सरकारी प्रतिनिधींची परिषद होती, व्यावसायिकांचं अधिवेशन नव्हे, हे मान्य. पण रसायनतज्ज्ञांनी, डॉक्टरांनी, कारखान्यांच्या अभियंत्यांनी आपली अधिवेशनं कुठे भरवावीत याचा विचार करताना मिनामाता डोळ्यांसमोर असायला हवं. तो उपसागर आज देखणा आहे. त्याचा इतिहास माहीत नसलेल्याला तिथेही नुसता सूर्यास्तच दिसेल.

सुंदर जागेच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद वेगळाच असतो: शांतता मिळते, लोक पळून जात नाहीत, मोकळेपणाने बोलतात. त्यात तथ्य आहे. १९४४च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या डोंगरातल्या एका हॉटेलात ४४ देशांचे सुमारे ७३० प्रतिनिधी तीन आठवडे राहिले आणि युद्धानंतरच्या जगाची चलनव्यवस्था ठरवून उठले. हृदयविकाराने त्रस्त असलेले ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी जुलैच्या उकाड्यात आम्हाला वॉशिंग्टनला बोलावू नका अशी आधीच विनवणी केली होती. १९४७च्या जूनमध्ये न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवर दोन डझनभर भौतिकशास्त्रज्ञ तीन दिवस जमले, आणि तिथे ऐकलेल्या एका प्रयोगाचं गणित हान्स बेथे यांनी परतीनंतरच्या रेल्वेप्रवासात सोडवलं. १९७५च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असिलोमारला जमलेल्या जीवशास्त्रज्ञांनी जनुकांच्या जोडकामाचे प्रयोग किती जपून करायचे याचे दंडक स्वतःच स्वतःला घालून घेतले. ही सगळी उदाहरणं खरी आहेत आणि मला आवडतात. पण त्यांतून सिद्ध होतं ते एकांताचं महत्त्व. एकांत कुठल्याही आडबाजूच्या इमारतीत मिळतो. ब्रेटन वुड्सच्या डोंगराने चलनाच्या दरांबद्दल कुणाला काही शिकवलं नाही. मी म्हणतो आहे ते याच्या पुढचं आहे.

ते कसं असतं हे भूगर्भशास्त्रज्ञांकडून शिकावं. त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद १८७८पासून भरते आहे, आणि अभ्याससहल हा त्यांच्या अधिवेशनाचा कणा मानला जातो. १८९७मध्ये परिषद सेंट पीटर्सबर्गला भरली तेव्हा मंडळी उरल आणि कॉकेशसच्या डोंगरांत जाऊन आली. अशा सहलींसाठी तिथल्या स्थानिक भूशास्त्रज्ञांनी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तकं असतात: अमुक ओढ्याच्या वळणावर थांबा, डाव्या हाताच्या कड्यात खालचा थर पाहा, त्यावरचा तिरका का आहे विचारा. अधिवेशनातली भाषणं विसरली जातात. ही पुस्तकं पुढची कितीतरी वर्षं विद्यार्थी पाठीवरच्या पिशवीत घेऊन फिरतात. त्यांच्यासाठी निसर्गसौंदर्य आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा सिकार पॉइंट हा खडक पाहायला जगभरातून लोक जातात. १७८८मध्ये स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांनी तिथे होडीतून जाऊन उभ्या थरांवर आडवे थर पसरलेले सोबत्यांना दाखवले आणि पृथ्वीचं वय माणसाच्या कल्पनेपेक्षा किती मोठं असलं पाहिजे ते त्यांच्या डोळ्यांसमोर उभं केलं. तो खडक समुद्राच्या लाटांत अतिशय सुंदर दिसतो. आणि तो एक युक्तिवाद आहे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते खरे आहेत.

पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप: कामाच्या नावाखाली सहल. औषध उद्योगात या रोगाने इतकं मूळ धरलं होतं की औषध कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला आपल्या आचारसंहितेत स्पष्ट लिहावं लागलं, की डॉक्टरांसाठीच्या बैठका नावाजलेल्या किंवा चैनीच्या ठिकाणी घेऊ नका, जागा बैठकीच्या शास्त्रीय हेतूला साजेशी हवी. मी हा नियम मनापासून योग्य मानतो. माझ्या म्हणण्याला तो आडवाही येत नाही. समुद्रकिनारा कामकाजाबाहेर ठेवला की तो आमिष होतो. त्याच किनाऱ्यावरच्या वस्तीत पसरणारा आजार, तिथला जुना दवाखाना, तिथल्या रुग्णनोंदी कामकाजात आल्या की मग प्रवासाचा हिशेब देता येतो. एखाद्या प्रदेशाला आपल्या व्यवसायाशी बोलण्यासारखं काहीच नसेल तर सरळ रेल्वे स्थानकाजवळचं स्वस्तातलं सभागृह घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: देखणेपणाचा पडदा म्हणून वापर. १९२७च्या सप्टेंबरात इटलीत कोमो सरोवराकाठी भौतिकशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. विजेच्या घटाचा शोध लावणारे व्होल्टा कोमोचेच. त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली होती. त्याच व्यासपीठावर नील्स बोर यांनी पुंजभौतिकीतला परस्परपूरकतेचा सिद्धान्त प्रथम मांडला. इतिहास, निसर्ग आणि विज्ञान यांचा असा मेळ क्वचितच जुळतो. आणि तरीही तिथे आइन्स्टाइन गेले नाहीत. मुसोलिनीची राजवट होती, व्होल्टांचं नाव आणि सरोवराची शोभा त्या राजवटीच्या तोऱ्यासाठी मांडलेली होती. मला कोमोबद्दल आणखी एक गोष्ट सतत आठवते. घटाच्या शोधाची शताब्दी म्हणून १८९९मध्ये तिथे विजेचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. त्याला आग लागली आणि व्होल्टांनी हाताळलेली बरीचशी मूळ उपकरणं जळून गेली. इतिहास मिरवण्यासाठी मांडला आणि मिरवतानाच गमावला. तिथे पाहुणा म्हणून जाणाऱ्याने विचारायलाच हवं, की मला हे कोण दाखवतं आहे आणि काय दाखवत नाही. जो प्रदेश कामकाजात येतो त्याला प्रश्न विचारता येतात. फलकावरच्या फोटोला ते विचारता येत नाहीत.

तिसरा आक्षेप प्रदेशाच्या बाजूचा आहे. जुनी, नाजूक गावं गर्दी किती सोसतील? व्हेनिसकडे पुन्हा जाऊ. सनद झाली १९६४मध्ये. १९६६च्या ४ नोव्हेंबरला पुराचं पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं आणि सगळं जग त्या दगडांना वाचवायला धावलं. दगड बऱ्याच अंशी वाचले. पण १९५१मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती, ती २०२२मध्ये पन्नास हजारांच्या खाली आली. २०२१मध्ये मोठ्या प्रवासी जहाजांना शहराच्या मधल्या कालव्यात बंदी घालावी लागली, २०२४मध्ये दिवसभरापुरतं येणाऱ्यांवर ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क बसवावं लागलं. स्मारकांच्या सनदेत राहत्या माणसांसाठी फारशी जागा नव्हती, आणि ती माणसं निघून गेली. माझ्या मते बर्रा आणि नारा यांनी व्हेनिसची ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला, पण व्हेनिसच्या रहिवाशांना त्याचा उपयोग व्हायला उशीर झाला होता. तेव्हा हजार माणसांचं अधिवेशन पाचशे उंबऱ्यांच्या गावात नेऊ नये, हे मी माझ्या बाजूच्या लोकांनाही ठासून सांगतो. जवळच्या मोठ्या शहरात उतरावं, गावात तुकड्या-तुकड्यांनी जावं, आणि ज्यांच्या दारावरून जायचं त्यांना आधी विचारावं.

आणखी एक गोष्ट मला वर्षानुवर्षं बोचते. अधिवेशनांत जोडीदारांसाठी वेगळा कार्यक्रम असतो. प्रतिनिधी अंधाऱ्या सभागृहात बसतात, आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं बसमधून किल्ला, धरण, जुना बाजार पाहून येतात. म्हणजे प्रदेश पाहायचा तो त्यांनी, ज्यांना आमच्या व्यवसायाशी देणंघेणं नाही, आणि ज्यांचं तेच काम आहे ते आत. संध्याकाळी माझी पत्नी मला सांगायची, की आज एक जुनी भुयारी नळवाट पाहिली, तिच्या मध्ये मध्ये उभे दगडी मनोरे होते, ते कशाला असतात रे? ते पाण्याचा दाब मोडायला आणि अडकलेली हवा बाहेर जायला असतात. उत्तर मला माहीत होतं. ती नळवाट मात्र मी पाहिलेली नव्हती, आणि आजही पाहिलेली नाही.

बदल फार खर्चाचे नाहीत. विषय ठरवणाऱ्या समितीत त्या प्रदेशातला एक तरी माणूस हवा, आणि तो आयोजनाच्या धावपळीसाठी नव्हे, विषयांसाठी. तिथल्या दप्तरखान्यातला अभिलेखपाल चालेल, वनरक्षक चालेल, आणि हो, किल्ल्यावरचा पहारेकरी तर नक्कीच चालेल. त्याला व्यासपीठावर वक्त्याचा मान आणि मानधन द्यावं. पहिला अर्धा दिवस जागेवर घालवावा, उद्घाटनाच्याही आधी, म्हणजे पुढचे दोन दिवस प्रत्येकाच्या बोलण्यात ते पाहिलेलं उमटेल. शेवटच्या दिवशी दमलेल्या लोकांना बसमध्ये कोंबून काही साधत नाही. जागेवर जे मोजलं, जे काढलं, जे खटकलं, त्याची एक प्रत त्या गावाच्या ग्रंथालयात ठेवून यावी, भूशास्त्रज्ञांच्या पुस्तकांसारखी. आणि दहा वर्षांनी पुन्हा जावं. बालानोस यांचं लोखंड गंजतं आहे हे परत गेलेल्यांनाच दिसलं.

पुढच्या वर्षीच्या अधिवेशनाची जागा ठरवायला आमची समिती लवकरच बसणार आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशीच पुन्हा भरवावं, असं पत्र मी दिलं आहे. सोबत वहीतली जुनी आकृती जोडली आहे. पहिल्या टाक्याच्या खाचेची रुंदी आणि खोली तिच्यात आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टाक्याची मापं नाहीत, कारण त्या दिवशी दोनच्या सत्रासाठी आम्हाला खाली उतरावं लागलं होतं.